ग्रीक-इराणी युद्धांचा हिशेब: लढाया संपल्यावर काय उरलं?

वल्हवकर

मॅरेथॉन, थर्मोपिली, सलामिस यांवर मराठीत भरपूर लिहून झालंय. तीनशे स्पार्टन तर शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. पण इ.स.पू. ४७९मध्ये प्लातिया आणि मिकाली इथे इराणी फौजा हरल्या, त्यानंतर पुढे काय, यावर सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: या युद्धांचे टिकाऊ परिणाम शोधायचे तर खर्चाच्या वहीत शोधावेत.

सुरुवात इ.स.पू. ४८३च्या आसपास. अथेन्सच्या दक्षिणेला लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. ते पैसे नागरिकांना डोई १० द्राक्मा (चांदीची नाणी) वाटून टाकायचं घाटत होतं. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीज याने ते मोडून काढलं आणि त्या चांदीतून जहाजं बांधायला लावली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस २०० जहाजं म्हणतो, अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेच्या ग्रंथात १०० आहेत. आकडा कुठलाही धरा, एवढी जहाजं पाण्यात उतरवली की ती चालवायला माणसं लागतात, आणि खरा खर्च तिथे आहे.

ट्रायरीम म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगांचं लढाऊ जहाज. त्यावर साधारण २०० माणसं. त्यात १७० वल्हेकरी: वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४, खालच्या रांगेत ५४. उरलेल्यांत हत्यारबंद शिपाई, तिरंदाज, सुकाणूवाला, सुतार आणि वल्ह्यांचा ताल धरणारा बासरीवाला. माणशी रोज १ द्राक्मा पगार धरला तर ३० दिवसांचे ६,००० द्राक्मा, म्हणजे बरोबर १ टॅलंट, साधारण २६ किलो चांदी. हा हिशेब आपल्या मनाचा नाही. इ.स.पू. ४१५मध्ये सिसिलीतल्या एगेस्टाने अथेन्सची मदत मागितली, तेव्हा ६० जहाजांच्या एका महिन्याच्या पगारापोटी ६० टॅलंट आणून दिले होते.

एवढा पैसा एकट्या अथेन्सच्या आवाक्यातला नव्हता. इ.स.पू. ४७८-७७मध्ये डेलोस बेटावर अथेन्सच्या पुढाकाराने ग्रीक शहरांचा संघ स्थापन झाला. हेतू असा की इराणच्या मुलखात चढाई करून नुकसान वसूल करायचं. अ‍ॅरिस्टाइडीजने प्रत्येक शहराची वर्गणी ठरवली. इतिहासकार थ्युसिडिडीज पहिली एकूण आकारणी ४६० टॅलंट देतो. ज्याला जमेल त्याने जहाजं द्यावीत, नसेल जमत तर रोकड. पुढचं सगळं रामायण या शेवटच्या वाक्यात आहे.

---

चौकस चिमणी

धागा आवडला. दोन शंका. एक, वर्गणी स्वखुशीची होती ना? मग संघातली नॅक्सॉस, थेसॉस वगैरे बेटं बंड करून सहज बाहेर का पडू शकली नाहीत? दोन, ४६० हा आकडा फार मोठा वाटत नाही का?

---

वल्हवकर

चिमणीताई, दुसऱ्या शंकेपासून. हो, मोठा वाटतो, आणि त्यावर जुना वाद आहे. इ.स.पू. ४५४पासूनच्या दगडी याद्यांवरून रोख वसुलीचा अंदाज चारशे टॅलंटच्या आतबाहेर येतो, आणि तोवर संघात शहरं वाढलेली होती. म्हणून बरेच अभ्यासक असं धरतात की ४६०मध्ये जहाजं देणाऱ्यांच्या जहाजांची किंमतही धरलेली असावी. मला हे पटतं.

आता बंडं. थ्युसिडिडीजने (१.९९) कारण स्वच्छ सांगितलंय. बहुतेकांना घरदार सोडून दरवर्षी मोहिमेवर जाणं नको होतं, म्हणून त्यांनी जहाजांऐवजी पैसे लावून घेतले. त्या पैशांतून अथेन्सचं आरमार वाढलं आणि वर्गणीदारांचं संपलं. आता बघा कुठे घोडं पेंड खातं: ट्रायरीम म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. १७० माणसं एका तालात वल्हवायला आणि वळण घेऊन शत्रूच्या कुशीत टोच मारायला सतत सराव लागतो. पाच-दहा वर्षं समुद्रावर गेलं नाही की खलाशीच उरत नाहीत. शिवाय जहाज पाण्यात राहिलं तर लाकूड पाणी पिऊन जड होतं, किड्याने पोखरतं. दरवर्षी ओढून शेडमध्ये सुकवावं लागतं, डांबर लावावं लागतं. म्हणजे शेड, सुतार, दोर, डांबर, सगळी यंत्रणा आली. ती एकदा मोडली की बंडाच्या दिवशी कुठून आणणार?

थेसॉसने तरी इ.स.पू. ४६५मध्ये प्रयत्न केला. तिसऱ्या वर्षी शरण आले. तटबंदी पाडावी लागली, जहाजं द्यावी लागली, समोरच्या किनाऱ्यावरची खाणही गेली. शेवटी स्वतःची जहाजं राखून उरले ते लेस्बॉस, खिऑस आणि सॅमॉस, आणि त्यातही सॅमॉसचं आरमार इ.स.पू. ४३९ला गेलं.

---

खापरतुकडा

वसुलीची पद्धत जरा तपशिलात सांगतो, कारण कारकुनी बघितल्याशिवाय हे साम्राज्य कळत नाही.

इ.स.पू. ४५४मध्ये खजिना डेलोसवरून अथेन्सला हलवला. साधारणपणे दर चार वर्षांनी, मोठ्या पॅनाथिनिया उत्सवाच्या वर्षी, आकारणी नव्याने व्हायची. पैसे वसंतातल्या डायोनिसस उत्सवाच्या सुमारास पोचवायचे. घेणारे अधिकारी हेलेनोटॅमियाय, दहा जण, सगळे अथेन्सचे. मध्येच पैसे गळू नयेत म्हणून पुढे असा ठराव झाला की शहराने रक्कम एका पाटीवर लिहून ती मोहोरबंद करून पैशांबरोबर पाठवायची. अथेन्सला मोहोर फोडून रक्कम ताडून बघायची.

आलेल्या पैशाचा साठावा हिस्सा अथेना देवीचा. टॅलंटमागे १ मिना, म्हणजे १०० द्राक्मा. दगडावर कोरलाय तो फक्त हा देवीचा हिस्सा! त्याला ६०ने गुणलं की त्या शहराची वर्गणी निघते. पहिल्या १५ वर्षांच्या याद्या एकाच साडेतीन मीटरहून उंच संगमरवरी शिळेवर चारी बाजूंनी कोरल्या होत्या. आज तिचे शेकडो तुकडे जुळवून अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात उभे केलेत, मधल्या रिकाम्या जागा प्लास्टरने भरून. इराणविरुद्धच्या युद्धाचा सगळ्यात भरवशाचा अवशेष कुठला विचाराल तर मी या पावतीपुस्तकाकडे बोट दाखवीन. वाघनखं वगैरे नंतर बघू.

---

तळघर

मस्त चाललंय. पण दगडांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन दगड.

इ.स.पू. ४८०मध्ये इराणचा राजा झेर्क्सीस याने अथेन्स जाळलं, पुढच्या वर्षी त्याचा सेनापती मर्दोनियस याने उरलंसुरलं पाडलं. लोक परतले तेव्हा शहराला तट नव्हता आणि स्पार्टा म्हणत होता, बांधूच नका. थेमिस्टोक्लीज स्पार्टात जाऊन टोलवाटोलवी करत बसला आणि इकडे बायकापोरांसकट सगळे बांधकामाला जुंपले. हाताला लागेल तो दगड तटाच्या पायात घातला: थडगी, पुतळ्यांचे चौथरे, काहीही. थ्युसिडिडीज सांगतो की बांधकामाची घाई त्याच्या काळीही उघड दिसत होती. पद्धत साधी होती, खाली दगडाचा पाया आणि वर कच्च्या विटांची भिंत. १९२२मध्ये केरामेइकोस या जुन्या दफनभूमीजवळ याच तटातून पुतळ्यांचे कोरीव चौथरे निघाले. एकावर तरुण चेंडू खेळताहेत, आणि त्याच चौथऱ्याच्या दुसऱ्या बाजूला दोघे बसून कुत्रा-मांजराची झुंज लावताहेत, मागे दोघे उभे राहून बघताहेत. दोऱ्या ओढून धरलेल्या, मांजराची पाठ कमानीसारखी ताठ. तट बांधणाऱ्यांनी तो ढकलला पायात. म्हणून तर टिकला.

याउलट पिरेयस या अथेन्सच्या बंदराचा तट बघा. तो सावकाश झाला. आत भराव नाही, सगळे घडीव मोठे दगड, बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले आणि शिसं ओतून पक्के केलेले.

दुसरा दगड अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर तटात. मॅरेथॉननंतर नवीन देऊळ बांधायला घेतलं होतं, ते अर्धवट असतानाच जळलं. त्याच्या खांबांचे गोल तुकडे तटात ओळीने बसवलेत. त्याच तटात अथेनाच्या जुन्या देवळाची वरची पट्टीसुद्धा मूळच्या क्रमाने लावलीय. नुसता भराव करायचा असता तर एवढा क्रम कुणी सांभाळला नसता. खालच्या बाजारचौकातून मान वर केली की दिसावं असाच बेत असणार.

---

चौकस चिमणी

मग ‘जळकी देवळं पुन्हा बांधणार नाही’ अशी शपथ प्लातियाला घेतली होती, ती यासाठीच का?

---

तळघर

शपथेवर फार भिस्त ठेवू नका. अखार्नाय इथे सापडलेल्या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या शिळेवर प्लातियाची शपथ आहे, पण त्यात देवळांचं कलम नाहीच. ते लायकर्गस आणि डायोडोरस यांच्याकडे मिळतं. आणि ही शपथ बनावट आहे असं थिओपॉम्पसने त्याच शतकात म्हणून ठेवलंय. पार्थेनॉनचं काम इ.स.पू. ४४७मध्ये सुरू झालं, म्हणजे मध्ये तीसेक वर्षं गेली, हे खरं. पण त्याला शपथच हवी असं नाही. तोवर पैसा तट आणि आरमारात जात होता.

पार्थेनॉनमधल्या अथेनाच्या मूर्तीवर ४० टॅलंट सोनं होतं आणि ते सुटं काढता येईल असं बसवलं होतं. इ.स.पू. ४३१मध्ये पेरिक्लीज लोकांना सांगतो, अडीनडीला हे काढा, मग परत करा. देवी म्हणजे राखीव निधी!

---

सुसा_ते_सातारा

इथवर सगळं अथेन्सच्या चष्म्यातून झालं. इराणच्या बाजूनेही बघूया का?

झेर्क्सीसच्या पर्सेपोलिसच्या एका शिलालेखात त्याच्या प्रजेची यादी आहे. तीत समुद्रकाठी राहणारे यवन (म्हणजे ग्रीक) आणि समुद्रापलीकडे राहणारे यवन, दोन्ही आहेत. सलामिसचा उल्लेख नाही. दप्तरी पराभव झालेलाच नाही, हे एक. दुसरं, साम्राज्य पुढे दीडशे वर्षं टिकलं. त्यांच्या दृष्टीने खरा फटका होता इजिप्त. तो इ.स.पू. ४०४च्या सुमारास हातचा गेला तो थेट ३४३ला परत मिळाला. ग्रीस हा पश्चिमेकडचा त्रासदायक कोपरा होता, इतकंच.

आणि माणसं? झेर्क्सीसचा बाप दार्युश याच्या सुसा इथल्या महालाच्या लेखात दगड घडवणारे कारागीर यवन आणि सार्डिसचे होते असं स्पष्ट लिहिलंय. सुसालाच उत्खननात काशाचा एक प्रचंड सोंगटा मिळाला, मेंढीच्या घोट्याच्या हाडाच्या आकाराचा, वजन ९० किलोहून जास्त, वर अपोलोला वाहिल्याचा ग्रीक लेख. मूळचा मायलेटसजवळच्या डिडिमाच्या देवळातला. इ.स.पू. ४९४मध्ये मायलेटस पडलं तेव्हाच्या लुटीत तो गेला असावा. सध्या लूव्ह्रमध्ये आहे.

आपल्याकडचा धागाही आहे. झेर्क्सीसच्या सैन्यात सिंधूकाठचे हिंदी शिपाई होते: सुती कपडे, बोरूची धनुष्यं, बोरूचेच बाण आणि टोकाला लोखंड. गांधारचेही वेगळे होते. राजा परत फिरल्यावर मर्दोनियसने जे निवडक सैन्य मागे ठेवलं त्यात हे हिंदी शिपाई होते आणि प्लातियाच्या रणात उभे राहिले. सुती कापड त्या मैदानावर पोचलं होतं, हे मला तीनशे स्पार्टनांपेक्षा जास्त गमतीचं वाटतं.

---

वल्हवकर

सुसाभाऊ, ‘त्रासदायक कोपरा’ हे मान्य, पण त्या कोपऱ्याने इराणला एक धडा शिकवला, आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला: ग्रीकांशी लढायचं नाही, ग्रीकांना पगार द्यायचा.

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धात सिसिलीला अथेन्सचं आरमार बुडालं. लगेच इ.स.पू. ४१२-११मध्ये स्पार्टाने इराणशी करार केले. थ्युसिडिडीजच्या आठव्या भागात तीन मसुदे आहेत, आणि तिन्ही शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात लिहिलंय की राजाकडे आणि त्याच्या वाडवडिलांकडे जो मुलूख होता तो राजाचा. स्पार्टाच्या लिखासने हरकत घेतली: या शब्दांप्रमाणे थेसली आणि बिओशियासुद्धा राजाला द्यावे लागतील, मग आपण ग्रीकांना स्वातंत्र्य देतोय की इराणी धनी? तिसऱ्या मसुद्यात ‘आशियातला मुलूख’ असं बसवलं. म्हणजे आयोनियातली ग्रीक शहरं, ज्यांच्या बंडापासून इ.स.पू. ४९९ला हे सगळं सुरू झालं, ती स्पार्टाने लेखी सोडून दिली.

मग पगार. इतिहासकार झेनोफोनकडे आकडे आहेत. करारात जहाजामागे महिना ३० मिना ठरले होते. ३,००० द्राक्मा भागिले ३० दिवस भागिले २०० माणसं, म्हणजे रोज अर्धा द्राक्मा, ३ ओबोल. राजपुत्र धाकटा सायरस ५०० टॅलंट घेऊन आला होता. इ.स.पू. ४०७मध्ये स्पार्टाचा सेनापती लिसँडर याने त्याच्याकडे एवढंच मागितलं की रोजचा १ ओबोल वाढवा. ४ ओबोल झाले. अथेन्सच्या जहाजांवरही बाहेरून आणलेले भाडोत्री वल्हेकरी होतेच. जिथे जास्त तिथे ते जाणार. दोन वर्षांत इगोस्पॉटामीच्या लढाईत अथेन्सचा खेळ आटोपला.

आणि त्यानंतरची गंमत: स्पार्टा डोईजड होताच इराणने पैसा उलटीकडे फिरवला. इ.स.पू. ३९४मध्ये क्नायडॉसला स्पार्टाचं आरमार बुडवलं ते इराणी पैशावरच्या ताफ्याने, आणि त्याचा एक सेनापती होता अथेन्सचा कोनॉन. पुढच्या वर्षी अथेन्सचे बंदरापर्यंतचे लांब तट पुन्हा उभे राहिले, त्याला पैसा फार्नाबाझसचा. इराणी क्षत्रपाचा, म्हणजे सुभेदाराचा! इ.स.पू. ३८७-८६च्या ‘राजाच्या तहा’ने आशियातली ग्रीक शहरं आणि सायप्रस इराणच्या पदरात पडले. बाण एकही न सोडता. स्पार्टाचा राजा एजेसिलॉस म्हणाला म्हणे की राजाने मला तिरंदाजांनी आशियातून हाकललं. इराणी सोन्याच्या नाण्यावर तिरंदाज असे. प्लुटार्क एका ठिकाणी तीस हजार तिरंदाज म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी दहा. किस्सा म्हणून ठीक.

---

निळा_घोडा

सगळं पैशावर नेऊ नका राव. लोकशाहीचं काय? वल्ही मारणारे भूमिहीन थेटीस होते. सलामिस त्यांनी जिंकलं, म्हणून त्यांना सत्तेत वाटा मिळाला. हा परिणाम तर सगळ्यात मोठा.

---

खापरतुकडा

अर्धं बरोबर. पण तारखा लावून बघा. अथेन्समध्ये आर्कोन, म्हणजे शहराचे वरिष्ठ अधिकारी, चिठ्ठ्या टाकून निवडायला सुरुवात झाली इ.स.पू. ४८७मध्ये. खापरावर नाव लिहून नेत्याला दहा वर्षं हद्दपार करायची प्रथाही त्याच सुमारास वापरात आली. दोन्ही गोष्टी सलामिसच्या आधीच्या. एफिआल्टीज या पुढाऱ्याने अरियोपॅगस या जुन्या सरदारी सभेचे अधिकार कमी केले ते इ.स.पू. ४६२-६१मध्ये, म्हणजे सलामिसनंतर १८ वर्षांनी. आरमारामुळे जोर आला हे खरं, बीज आधीचं.

आणि ज्याने आरमार उभं केलं त्याचं काय झालं? अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीजचं नाव लिहिलेली १९०च्या घरात खापरं मिळाली, सगळी मिळून जेमतेम चौदा हातांनी लिहिलेली. आयती मतपत्रिका तयार ठेवली होती कुणीतरी. हद्दपार झालेला हा गडी शेवटी गेला कुठे? झेर्क्सीसच्या मुलाकडे, अर्टाझेर्क्सीसकडे! त्याला भाकरीसाठी मॅग्नेशिया, दारूसाठी लॅम्प्सकस आणि कालवणासाठी मायुस अशी तीन शहरं तोडून दिली. मॅग्नेशियाला त्याने स्वतःची नाणीही पाडली.

---

निळा_घोडा

तारखांचं मान्य. थेमिस्टोक्लीजचं पेन्शन भारी आहे.

---

तळघर

पैसा आणि राजकारण सोडून एक परिणाम सांगतो, तो मला सगळ्यात चिवट वाटतो. प्लातियाच्या मृतांचं वर्षश्राद्ध. प्लुटार्क लिहितो इ.स. १००च्या आसपास, आणि म्हणतो की हा विधी आजही चालतो. म्हणजे जवळपास ६०० वर्षं.

क्रम असा. पहाटे मिरवणूक निघते, पुढे युद्धाची इशारत देणारा शिंगवाला. मागे मेंदीसारख्या मर्टलच्या डहाळ्या आणि हारांच्या गाड्या, मग काळा बैल. दूध, दारू, तेल आणि सुगंधी द्रव्य घेतलेले तरुण. ते स्वतंत्र नागरिकच हवेत. गुलामाने कशालाही हात लावायचा नाही, कारण मृत माणसं स्वातंत्र्यासाठी मेली. सगळ्यात शेवटी शहराचा आर्कोन. एरवी त्याला लोखंडाला शिवता येत नाही आणि पांढऱ्याशिवाय कपडा चालत नाही. त्या दिवशी जांभळा अंगरखा, हातात तलवार आणि दप्तरखान्यातली पाण्याची घागर. झऱ्याचं पाणी आणून तो स्वतः थडग्यांचे दगड धुतो, त्यांना सुगंधी तेल लावतो, बैल कापतो, मृतांना जेवायला बोलावतो आणि दारूचा प्याला ओततो.

याच प्लातियाला इ.स.पू. ४२७मध्ये स्पार्टा आणि थीब्जपुढे शरण यावं लागलं, आणि पुढे ते जमीनदोस्त झालं. शरण आलेल्यांनी स्पार्टनांना सांगून बघितलं की तुमच्या बापजाद्यांची थडगी आम्ही दरसाल पुजतो. उपयोग झाला नाही, दोनशेच्या वर माणसं मारली. तरी विधी टिकला.

---

सुसा_ते_सातारा

आणि सूड? मॅसिडोनियाच्या फिलिपने आणि मग त्याच्या मुलाने, अलेक्झांडरने, इराणवरच्या मोहिमेला कारण दिलं ते झेर्क्सीसने जाळलेल्या देवळांचंच, दीडशे वर्षांनी. इ.स.पू. ३३४ला ग्रॅनिकसनंतर ३०० चिलखतं अथेन्सला पाठवली, ‘लॅसेडिमोनियन (म्हणजे स्पार्टन) सोडून सर्व ग्रीकांकडून’ असा टोमणा कोरून. ३३०ला पर्सेपोलिस जाळलं.

त्याचे पडसाद मुंबईपर्यंत आहेत. पारशी परंपरेत अलेक्झांडर म्हणजे शापित, अवेस्ता जाळणारा. पहलवी ग्रंथांत तो असाच येतो. उलट दार्युश-झेर्क्सीस इराणच्या लोकस्मृतीतून जवळजवळ पुसले गेले होते, पर्सेपोलिसला लोक जमशेदचं तख्त म्हणत. एकोणिसाव्या शतकात दार्युशचा बेहिस्तूनचा लेख वाचला गेला आणि चित्र पालटलं. फोर्टातल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दारावरचे माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल बघा. असेच बैल पर्सेपोलिसच्या ‘सर्व राष्ट्रांच्या दरवाजा’वर आहेत, आणि तो दरवाजा झेर्क्सीसने बांधलेला.

---

चौकस चिमणी

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर कुठून सुरुवात करावी?

---

तळघर

अथेन्समध्ये एक दिवस पुरतो. सकाळी केरामेइकोस, तटाचा पाया तिथेच दिसतो. मग प्राचीन बाजारचौकातून अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर तटाकडे बघा, खांबांचे गोल तुकडे साध्या डोळ्यांनी दिसतात, दुर्बीण असली तर उत्तम. दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय: कुत्रा-मांजराचा चौथरा तिथे आहे. त्याच इमारतीच्या दक्षिण भागात शिलालेख संग्रहालय, दार वेगळं आहे आणि बरेच लोक ते चुकवतात. वर्गणीची शिळा तिथे. वेळा आधी बघून जा.

इस्तंबूलला गेलात तर सुलतानअहमद चौकात नागस्तंभ चुकवू नका. प्लातियाच्या लुटीतून डेल्फीला उभारलेला, कॉन्स्टंटाइनने उचलून आणलेला. वेटोळ्यांवर ३१ शहरांची नावं कोरलीत. पहिल्यांदा प्लातियाचा स्पार्टन सेनापती पाउसेनियस याने स्वतःच्या बढाईचा दोहा कोरवला होता, तो स्पार्टाने खोडून काढला आणि शहरांची नावं घातली. वरची सोन्याची तिवई पुढे डेल्फीच्या शेजारच्या फोकियनांनी भाडोत्री सैन्याच्या पगारासाठी वितळवली. नागांची मुंडकी तुटलीत. एकाचा वरचा जबडा तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. स्तंभ आजच्या रस्त्याच्या पातळीखाली खड्ड्यात उभा आहे, त्यामुळे कठड्यावरून वाकून बघावं लागतं. नावं खालच्या वेटोळ्यांवर आहेत आणि फार झिजलीत. सकाळचं तिरपं ऊन असेल तेव्हा जा.